ख्रिसमस बेटाचा पत्ता

मृणालिनी कर्णिक भाईंदरच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या. १९८२ साली गिरगावातली खोली सोडून त्या आणि त्यांचे यजमान पंढरीनाथ भाईंदर पूर्वेला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आले. पंढरीनाथ फोर्टातल्या बँकेत जायचे. मूलबाळ नव्हतं. बाईंचा सगळा जीव शाळेत, आणि शाळेतही नववीच्या वर्गात, कारण नववीला पॅसिफिक महासागर होता.

पुस्तकात तो धडा जेमतेम दीड पानाचा. बाई त्याला चार तास द्यायच्या. हातात पुस्तक नाही, भिंतीवर नकाशा नाही. ओल्या फडक्याने फळा पुसायचा आणि तो वाळेपर्यंत बोलत राहायचं. "पृथ्वीवरची सगळी जमीन उचलून या एका महासागरात ठेवली तरी कडेनं पाणी उरेल," त्या म्हणायच्या. मग खडूचे ठिपके पडायला लागायचे. सॉलोमन, व्हानुआतू, फिजी हा मेलानेशिया. त्याच्या वर बारीक ठिपक्यांचा मायक्रोनेशिया: पलाऊ, मार्शल बेटं, आणि एकटंच पडलेलं नाउरू, भाईंदर स्टेशनावरून मुर्धा गावापर्यंत चालत गेलात तर संपून जाईल एवढं. उजवीकडे पॉलिनेशिया. तिथे अर्धं सामोआ स्वतंत्र आणि अर्धं अमेरिकेचं, ताहिती फ्रान्सचं. किरिबातीचे ठिपके तर फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत: डावीकडे तारावा, उजवीकडे किरितिमाती. मुलं ॲटलास उघडून मुद्दाम अवघड नावं विचारायची आणि बाई अक्षांश-रेखांशांसकट सांगायच्या. त्या कधी चुकत नाहीत असं शाळेत म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि ऐकायला आवडायचंही.

धम्मपाल मर्चंडे हा त्यांचा ८४ सालचा विद्यार्थी. त्याचे वडील कोंडिराम मूळचे गुहागरकडचे, इथे स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर उभे असायचे. आई सरोजा घरी बसून त्याच गाळ्याच्या वाट्या पुसून कागदात गुंडाळायची. धम्मपालने चौथ्या तासाला हात वर केला होता.

"बाई, तिकडे आपल्याला जाता येतं?"

"बोटीवर लागलास तर येईल की," बाई हसून म्हणाल्या होत्या.

आणि तो खरंच बोटीवर लागला. दहावीनंतर गाळ्यात दोन वर्षं काढून फोर्टातल्या एका एजंटामार्फत ८८ साली तो एका लहान मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला. ते जहाज बेटाबेटांतून तांदूळ, सिमेंट, डिझेल पोचवायचं आणि सुकं खोबरं भरून आणायचं. पहिलं पत्र फिजीतल्या सुवाहून आलं. त्याची धाकटी बहीण पंचशीला ते मधल्या सुट्टीत बाईंकडे घेऊन आली. "दादानं सांगितलंय, बाईंना दाखव."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. पत्र आलं की पंचशीला सांगायची आणि बाई रविवारी सकाळी मर्चंड्यांकडे जायच्या. त्यांनी दोन ड्रॉइंग पेपर जोडून पॅसिफिकचा मोठा नकाशा काढून दिला होता. कोंडिरामने तो पलंगावरच्या भिंतीला लावला होता, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या शेजारी. बाई पत्र वाचायच्या आणि नकाशावर लाल पेन्सिलीने खूण करायच्या. फुनाफुती. आपिया. तारावा. सरोजा बोटाने एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जायची आणि विचारायची, "हे अंतर केवडं, बाई?" बाई सांगायच्या, भाईंदर ते कलकत्ता. भाईंदर ते काबूल. सरोजा तोंडाला पदर लावायची आणि चहा टाकायला उठायची.

८९ मध्ये कोंडिरामला खोकला सुरू झाला. पॉलिशची धूळ पंधरा वर्षं नाकातोंडात गेलेली. गाळा सुटला. ९१ उजाडलं तेव्हा तो दहा पावलं चालला तरी बसून घ्यायचा. त्या वर्षी चौदा एप्रिलला बाबासाहेबांची शंभरावी जयंती होती. वस्तीत तयारी सुरू झाली होती आणि कोंडिरामच्या मनाने एकच घेतलं होतं, मिरवणुकीला पोरगा पाहिजे.

फेब्रुवारीच्या शेवटी पत्र आलं. या वेळी पाकिटावर सिंगापूरचं तिकीट होतं. बाईंनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं.

"आमच्या जहाजाचं इंजिन बसलं आहे. पार्ट यायला तीन-चार महिने लागतील, तोवर आम्ही ख्रिसमस आयलंडवर अडकलो आहोत. कंपनी विचारते आहे, कोणाला घरी जायचं आहे आणि कोण जहाज सांभाळायला थांबणार. वीस मार्चच्या आत सांगायचं आहे. थांबलो तर पगार चालू राहील. बाबांची तब्येत कशी आहे ते खरं-खरं कळवा. तुमचं काही आलं नाही तर सगळं ठीक आहे असं मी धरेन आणि थांबेन. आमचा सेकंड इंजिनियर सिंगापूरला चालला आहे, त्याच्या हाती घाईत हे देतो. इथे रविवारची दुपार आहे. तुमच्याकडे सोमवार उजाडला असेल, बाबा पाणी भरायला उठले असतील. पत्ता: पोस्ट ऑफिस, ख्रिसमस आयलंड. देशाचं वगैरे बाईंना लिहायला सांगा, त्यांना सगळं पाठ आहे."

कोंडिराम पलंगावर उठून बसला. "बाई, लिवा. म्हणावं, ताबडतोब ये."

बाईंनी पिशवीतून स्वतःकडचं हवाई डाकेचं पाकीट काढलं. सरोजाने सांगितलं तसं पत्र लिहिलं. मग पत्ता लिहायला घेतला, आणि क्षणभरही न थांबता लिहिलं: ख्रिसमस आयलंड, हिंदी महासागर, ऑस्ट्रेलिया.

"जावाच्या दक्षिणेला आहे," त्या म्हणाल्या. "ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं बेट. फॉस्फेट निघतं तिथे."

कोंडिराम भिंतीकडे बघत होता. "पन बाई, तो तर ह्या पान्यात होता ना? ह्या नकाशात हाय का ते?"

"नाही, ते या नकाशाच्या बाहेर. जहाज आहे, फिरणारच. तिकीट बघा, सिंगापूरचं. सिंगापूरहून ते जवळच."

कोंडिरामने मान डोलावली. बाई म्हणतात म्हणजे तसंच.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोंडिरामला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सरोजाला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसांत आता काही राहिलेलं नाही, मुलाला बोलवायचं तर बोलावून घ्या. फोर्टातल्या एजंटाचं ऑफिस केव्हाच बंद झालं होतं. म्हणून सरोजा पोस्टात गेली आणि तार केली. पोस्टातले बाबाजी क्लार्क वस्तीतल्या सगळ्यांना ओळखायचे. त्यांनी पत्ता विचारला तेव्हा तिने बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी पुढे केली, पत्र लिहिलं त्या दिवशीच बाईंनी पत्ता उतरवून दिलेली. पाच दिवसांनी कोंडिरामला घरी आणलं.

अकरा मार्चला, सोमवारी, नववीची उजळणी चालू होती. बाईंनी फळ्यावर आंतरराष्ट्रीय वार रेषा काढली. रेषेच्या डावीकडे सोमवार असेल तर उजवीकडे अजून रविवार, त्या समजावत होत्या. तिसऱ्या बाकावरून पंचशीलाने हात वर केला.

"बाई, दादानं लिहिलं होतं ना, इथे रविवारची दुपार आहे आणि तुमच्याकडे सोमवार उजाडला असेल. मग दादा रेषेच्या त्या बाजूला आहे?"

बाईंच्या हातातला खडू रेषेवरच राहिला.

"नाही," त्या म्हणाल्या. "जावाकडचं घड्याळ आपल्यापेक्षा तास-दीड तास पुढे असतं. त्यानं घाईत काहीतरी लिहिलं असेल. वार चुकला असेल."

"पण बाई, दादानं दुपार लिहिलंय. आणि बाबा पाणी भरायला..."

"खाली बस, पंचशीला. चूक आहे ते. मी सांगते आहे ना?"

मुलगी बसली. कान लाल झाले होते तिचे. बाईंनी पुढचा मुद्दा घेतला, पण तो काय होता ते त्यांना नंतर आठवेना.

तास संपल्यावर त्या थेट ग्रंथालयात गेल्या. कपाटात वर एक जुना इंग्रजी ॲटलास होता, कोणीतरी शाळेला भेट दिलेला, इतका जड की कोणी काढायचंच नाही. बाईंनी स्टुलावर चढून तो खाली घेतला आणि मागची सूची उघडली. ख्रिसमस आयलंड हे नाव तिथे दोनदा होतं. एक हिंदी महासागर. आणि दुसऱ्यापुढे लिहिलं होतं: किरितिमाती पाहा.

किरितिमाती. दोन अंश उत्तर, एकशे सत्तावन्न अंश पश्चिम. हा ठिपका त्यांनी नऊ वर्षं दर नववीला फळ्यावर दिला होता. त्याचंच दुसरं नाव ख्रिसमस आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पत्र आणि तार दुसऱ्याच महासागरात गेली होती. आणि तिकडे तो मुलगा काही आलं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं धरून बसला होता.

वीस तारखेला नऊ दिवस होते. तार दोन-तीन दिवसांत पोचली असती.

शाळा सुटल्यावर बाई सरळ मर्चंड्यांकडे गेल्या. सांगायचंच असं ठरवून गेल्या. कोंडिरामचा पलंग हवेसाठी दारात आणला होता. तो उशांना टेकून बसला होता, आणि बाईंना बघून त्याचा चेहरा असा उजळला की त्यांना चप्पल काढायला वेळ लागला.

"या बाई. सरोजा, बाई आल्या. चा टाक." दम घेऊन तो म्हणाला, "बाई, तार पोचली असंल ना आता?"

दाराशी दोन शेजारी उभे होते. आत पंचशीला गृहपाठ करत होती, तिने मान वर केली नाही. बाईंच्या मनात वाक्य तयार होतं. पत्ता माझा चुकला, आत्ता पोस्टात चला. एवढंच म्हणायचं होतं. पण मग पंचशीला वर बघणार, आणि शेजारी ऐकणार, आणि उद्या नववीच्या वर्गात चाळीस जणांना कळणार की पोरगी बरोबर होती आणि बाईंनी तिला खाली बसवलं.

"पोचली असेल," बाई म्हणाल्या.

"वीस तारखेच्या आत पोचली म्हंजे झालं."

"हो."

सरोजाने चहा आणला. बाईंनी तो प्यायला आणि त्या घरी आल्या.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेचं सुपरव्हिजन होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मनाशी म्हटलं, तिकडच्या पोस्टाने चूक ओळखून पत्र पुढे पाठवलं असेल. चौथ्या दिवशी त्या पोस्टापर्यंत गेल्या. स्वतःच तार करावी, मर्चंड्यांना कळायचंही कारण नाही. पण काउंटरवर बाबाजी होते. "काय बाई, मर्चंड्यांची तार पोचली का हो? परवा सरोजा विचारत होती," ते म्हणाले. बाईंनी चार पोस्टकार्डं घेतली आणि परत आल्या. पंढरीनाथांनी विचारलं, बरं नाही का. त्या म्हणाल्या, ऊन लागलं.

वीस तारीख गेली. एकवीस गेली. बावीस तारखेला बाईंनी घरच्या टेबलावर बसून पत्र लिहिलं: बाबांची तब्येत फार बिघडली आहे, मिळेल त्या विमानाने निघ. पाकिटावर या वेळी बरोबर पत्ता घातला, किरिबातीसकट, आणि ते भाईंदरला न टाकता बोरिवलीच्या पोस्टात टाकून आल्या. बोरिवलीत तार करता आली असती हे त्यांना परतीच्या वाटेवर सुचलं. सुचल्यावरही त्या मागे फिरल्या नाहीत. तार अशी अचानक कुठून आली, असं धम्मपालने घरी विचारलं असतं. तारीख तर उलटूनच गेली आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

कोंडिराम नऊ एप्रिलला गेला. जयंतीला पाच दिवस होते. वस्तीत कमानी उभ्या राहिल्या होत्या, निळे झेंडे लागले होते, त्यांच्याखालूनच त्याला नेलं. बाई गेल्या होत्या. सरोजाने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "दारातनं हलू देत नवते पलंग. पोरगा आला की पयला मला दिसला पायजे, म्हनायचे." बाईंनी हात सोडवून घेतला नाही. कोंडिराम गेल्याची पुन्हा तार झाली, त्याच चिठ्ठीवरच्या पत्त्यावर.

पुढचे दोन महिने बाईंना नीट जेवण गेलं नाही. सुट्टीत पंढरीनाथ त्यांना चार दिवस अलिबागला घेऊन गेले. तिथे त्या समुद्राकडे पाठ करून बसायच्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, एका सकाळी दारात धम्मपाल उभा राहिला. उंच, करपलेला, डोक्यावरचे केस काढलेले. "जय भीम, बाई," तो म्हणाला आणि वाकला. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं. पंढरीनाथ कामावर गेले होते.

"बाबा गेल्याचं मला घरी आल्यावर कळलं," धम्मपाल म्हणाला. "तुमचं पत्र मे महिन्यात हातात पडलं. तिकडे विमान आठवड्यातनं एकच. आधी होनोलुलू, मग तिथून पुढे. मला वाटत होतं बाबा आहेत."

मग त्याने खिशातून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. एक बाईंनी फेब्रुवारीत लिहिलेलं. त्याच्यावर इंग्रजीत शिक्का होता, या नावाचा माणूस सापडत नाही, परत पाठवावे. ते मेच्या मध्यावर मर्चंड्यांकडे परत आलं होतं. दुसरं बोरिवलीहून टाकलेलं.

"आईला हे वाचता आलं नाही, तिनं तसंच ठेवलं होतं. मी बघितलं आणि कळलं काय झालं ते." तो पाकिटाकडे बघत बोलत होता. "बाई, तुमची काही चूक नाही. दोन ख्रिसमस बेटं आहेत हे मलापण तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. तिथले लोक किरितिमाती म्हणतच नाहीत, त्यांच्यात 'ती' लिहितात पण 'स' वाचतात. किरिसमास. देशाचं नाव मीच लिहायला हवं होतं. इंजिनियर निघाला होता, मी घाई केली. आणि तुमच्या पत्रावर बावीस मार्च आहे, तुम्हाला कळलं तेव्हा वीस तारीख होऊन गेली होती. तुम्ही तरी काय करणार? मी एकोणीसलाच सही दिली होती, थांबतो म्हणून."

बाईंना एवढंच करायचं होतं की मान हलवायची. धम्मपालने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि तारखासुद्धा त्यांच्या बाजूने लावून दिल्या होत्या.

"बावीसला नाही," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मला बावीसला नाही कळलं. अकरा तारखेला कळलं. पंचशीलानं वर्गात विचारलं, दादा वार रेषेच्या पलीकडे आहे का. मी तिला खाली बसवलं. मग ॲटलास काढून बघितला. त्याच दिवशी."

धम्मपालने बोटांवर काही मोजलं नाही, पण तो मोजतो आहे हे बाईंना दिसत होतं.

"म्हणजे नऊ दिवस होते."

"हो."

"तार आली असती, बाई. तिथे तार येते. एक पोरगा सायकलवरनं आणून देतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"कसली?"

चुकल्याची, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि ते इतकं लहान वाटलं की त्यांनी ते गिळलं.

धम्मपाल उठला. दारापर्यंत गेला, परत आला आणि दोन्ही पाकिटं उचलून घेतली. "मी विमानात सगळा वेळ स्वतःला शिव्या देत होतो," तो म्हणाला. "पगारासाठी थांबलो म्हणून." मग म्हणाला, "आईला हे मी नाही सांगणार. तुम्ही येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या. पलंग पुन्हा आतल्या भिंतीला लावलेला होता. सरोजा जमिनीवर बसून वाट्या कागदात गुंडाळत होती, पंचशीला तिला कागद फाडून देत होती. धम्मपाल खिडकीशी उभा होता. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत, सरोजासमोर खाली बसल्या आणि सांगितलं. पत्ता चुकला इथपासून बोरिवलीच्या पोस्टापर्यंत. काही गाळलं नाही.

सरोजाने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "अकरा तारखेला तुमी हितं आलावतात."

"हो."

"ह्यांनी तुमाला विचारलं, तार पोचली असंल ना."

"हो."

"तुमी म्हनालात, पोचली असंल."

"हो."

"मी चा केलावता."

"हो."

"तुमी तो पिऊन गेलात."

बाई रडायला लागल्या. सरोजाने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती पंचशीलाकडे वळली. "तुला म्हाईत होतं व्हय गं? बोल्ली नाय कदी?"

पंचशीलाच्या मांडीवर कागदाच्या पट्ट्या पडल्या होत्या. "बाई म्हणाल्या चूक आहे," ती म्हणाली. "मग मला वाटलं माझंच चुकलं. बाबा गेल्यावर वाटलं की आपण घरी बोलायला पाहिजे होतं. मग वाटलं, आता बोललो तर तू मारशील." आणि ती एकदम मोठ्याने रडायला लागली, चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, लहान पोरीसारखी.

"तू बरोबर होतीस," बाई तिला म्हणाल्या. "तुझं काहीच चुकलं नव्हतं. वर्गात तू एकटी बरोबर होतीस."

सरोजाने पोरीला जवळ ओढून घेतलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवत ती बाईंना म्हणाली, "जावा आता, बाई." रागावून नाही, दमलेल्या माणसासारखं.

धम्मपालने दार उघडून धरलं. बाई बाहेर पडल्यावर त्याने ते लोटून घेतलं. तो पुन्हा समुद्रावर गेला नाही. वडिलांच्याच गाळ्यात सुपरवायझर म्हणून लागला, आणि पहिल्या महिन्यात मशीनवरच्या माणसांना नाकाला बांधायला फडकी द्यावीत म्हणून मालकाशी भांडला, एवढं बाईंच्या कानावर आलं.

शाळा सुरू झाली. बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं की माझ्याकडून एका विद्यार्थिनीच्या घरच्यांचं मोठं नुकसान झालं आहे, तिला माझ्या वर्गात ठेवू नका. काय नुकसान, ते त्यांनी विचारलं. बाईंनी तेही सांगितलं. मुख्याध्यापक चष्मा पुसत राहिले आणि पंचशीलाचं नाव दहावी 'ब'मध्ये घातलं. आठ दिवसांत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. बाई आत आल्या की गप्पा थांबायच्या, मग पुन्हा सुरू व्हायच्या. नववीचा पॅसिफिक बाईंनी या वर्षी ॲटलास हातात धरून शिकवला. एका मुलाने कुठल्याशा बेटाचं नाव विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नक्की माहीत नाही, बघून सांगते," आणि मुलं एकमेकांकडे बघू लागली.

जुलैत एका मधल्या सुट्टीत पंचशीला शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. बाई उठून बाहेर गेल्या.

"मला 'ब'मध्ये का टाकलं?"

"मीच सांगितलं होतं. तुला रोज माझ्यासमोर बसावं लागू नये म्हणून."

"'ब'ला भूगोलाला आत्माराम सर आहेत. ते पुस्तक वाचून दाखवतात आणि खाली रेघा मारायला सांगतात." तिने भिंतीकडे बघत बोलायचं ठरवलं होतं असं दिसत होतं. "माझं दहावीचं वर्ष आहे. मला 'अ'मध्ये परत यायचंय."

"चालेल तुला?"

"भूगोल तुम्ही चांगला शिकवता," पंचशीला म्हणाली. ते कौतुक नव्हतं. मग म्हणाली, "पण घरी येऊ नका. वाटेत आई दिसली तरी बोलू नका. दादानं सांगायला सांगितलंय, आणि मलापण तसंच वाटतं."

"नाही येणार," बाई म्हणाल्या.

घंटा झाली. पंचशीला जिन्याकडे गेली आणि बाई नाव बदलून घ्यायला मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळल्या. त्या दिवसापासून बाजाराला जाताना त्या मर्चंड्यांची गल्ली टाळून रेल्वेच्या कडेकडेने लांबच्या रस्त्याने जायच्या. पंढरीनाथ एकदा बरोबर होते, त्यांनी विचारलं, एवढा वळसा कशाला. बाईंनी त्यांना तोवर सगळं सांगितलेलं होतं. त्या नुसत्या चालत राहिल्या, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.